साहित्याने वगळलेला कागद

परदेशगमनाचे मराठी साहित्य विपुल आहे. परदेशात स्थिरावण्याचे मात्र फार थोडे. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, परंतु आमच्या मते मराठी गद्यातील एक मोठी उणीव त्यात दडलेली आहे. परक्या शहरात उतरलेला माणूस आणि त्या शहराचा रहिवासी झालेला माणूस यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर असते. या काळात तो अर्ज भरतो, रांगेत उभा राहतो, आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता अनोळखी अधिकाऱ्यास पटवून देतो. आपण कोण, हा प्रश्न आयुष्यात इतक्या उघडपणे त्याला पूर्वी कोणी विचारलेला नसतो. आमचे लेखक नेमके याच महिन्यांवरून उडी मारून पुढे जातात.

पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) आजही ताजी वाटते. पण ते पाहुण्याचे पुस्तक आहे. पाहुण्याला परतीचा दिवस ठाऊक असतो, म्हणून त्याला हसता येते. मीना प्रभु यांचे ‘माझं लंडन’ हे रहिवाशाचे पुस्तक. तथापि त्याच्या शीर्षकातच लंडन ‘माझं’ झालेले आहे. ते माझे नव्हते तेव्हा काय घडले, हे जाणण्याची आमची उत्सुकता शिल्लक राहते. या दोन्ही लेखकांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी जे योजिले ते उत्तम साधले. प्रश्न आहे तो मधल्या रिकाम्या जागेचा.

वास्तविक या विषयाचा आरंभ आपल्याकडे फार भक्कम झाला होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी लिहिलेले पत्र आम्हांस साहित्य म्हणूनही मोलाचे वाटते. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने मी येथवर आले, तो निर्धारच माझ्या कामी यावा, असा त्या पत्राचा आशय आहे. कोरड्या अर्जात एक सबंध आयुष्य उभे राहिले. प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी प्रदान झाली. माहेरची यमुना, सासरची आनंदी. इंग्रजी कागदांवर तर आडनावही आजच्या रूढ पद्धतीहून निराळे, शेवटी दोन ‘ई’ घालून लिहिलेले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी या पतिपत्नींच्या विलक्षण संबंधावर रोखलेली आहे. तेच तिचे बळ. मात्र पुस्तक मिटल्यावर मनात घर करून राहतात ते गोपाळराव. अठराव्या वर्षी परक्या देशात स्वतःची बाजू स्वतः मांडणारी मुलगी त्यांच्या सावलीत उभी असते. कादंबरीकाराने संसाराला दिलेले झुकते माप त्या एका अर्जाला दिले असते, तर मराठी कादंबरीस नवी वाट सापडली असती, असे आम्हांस वाटते.

पंडिता रमाबाईंचे अमेरिकेविषयीचे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. राज्यव्यवस्था, गृहजीवन, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांची कार्यपद्धती त्या चौकसपणे उलगडतात. हे मराठीतील दुर्मीळ सामर्थ्य होय. पण डोंगरे, मेधावी, पंडिता, सरस्वती, आणि १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर मेरी रमा, अशी इतकी नावे वागविणाऱ्या या विदुषीला परक्या दारात आपली ओळख सांगताना काय वाटले असेल? पुस्तक त्याविषयी संयमाने मौन पाळते. त्या काळी ते मौन समजण्यासारखे होते. आज ते परवडणारे नाही.

याचे कारण आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ते रोज दिसते. चर्चच्या विधिसंहितेतील कलम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, लग्नानंतर तिसरे. आजोबांच्या काळात कोणाला त्याची अडचण नव्हती. नातीला परदेशी परिचारिका म्हणून जावयाचे ठरले की तीन नावांची एक मुलगी सिद्ध करताना घर थकून जाते. भारत २००५ साली अपोस्टिलच्या करारात सामील झाल्याने करारातील देशांपुरते कागदांचे प्रमाणीकरण सुटसुटीत झाले. परंतु शिक्का खऱ्या कागदावर बसतो. नावांतील तफावत तो मिटवीत नाही.

पुढे परदेशातही तेच. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळासंबंधी जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्या देशात राहत्या घरी आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कचेरीत नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. घरमालक मात्र आधी पगाराचा दाखला मागतो. या चक्रात सापडलेला तरुण घरी फोन करतो तेव्हा ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणतो. त्या तीन शब्दांमागे दडलेली कथा कोणी लिहावयाची?

येथे आमच्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे स्मरण होते. दुष्काळाने पांगलेले, आणि १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जलसंधारणाने सावरलेले हे गाव. मुंबई-पुण्याकडे गेलेली कुटुंबे तेथे परतली. आमच्या लेखकवर्गास त्यातील परतीची गोष्ट फार भावते. गाव सोडणे म्हणजे पराभव आणि परतणे म्हणजे विजय, हा आपल्या वाङ्मयाचा जुनाच ठोकताळा. आम्हांस त्या गावाची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. गावात पाणी किती आणि त्यावर कोणते पीक घ्यावे, याचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो. एरवी कपाटात पडून राहणारे आकडे चारचौघांत बोलले जातात, आणि म्हणून ते सर्वांचे होतात.

साहित्याने परदेशी गेलेल्या माणसाच्या कागदासाठी नेमके हेच करावयास हवे. त्यातील लाज, भीती आणि चिकाटी चारचौघांत वाचली जावी. त्यासाठी मोठ्या लेखकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या घरांतून गेलेल्या मुलामुलींनी पहिल्या सहा महिन्यांची हकीकत साध्या मराठीत लिहून काढावी, कोणत्या खिडकीवर काय विचारले गेले हे त्यात जसेच्या तसे यावे. मागून जाणाऱ्याचा त्याने एक हेलपाटा वाचेल, आणि ‘सगळे ठीक आहे’ या शब्दांचा अर्थ घरच्यांना प्रथमच नीट कळेल.