तीस वर्षं बोलायला कोण होतं?

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही सगळे 'छावा' पाहून आलो, तेव्हा घरात कुणी फारसं बोलत नव्हतं. जेवताना आजीनं विचारलं, "आणि मग येसूबाईंचं पुढे काय झालं गं?" मला एवढंच सांगता आलं, की त्यांना कैद झाली. किती वर्षं, ते फोनवर शोधावं लागलं.

रायगड १६८९ च्या नोव्हेंबरात मोगलांच्या हाती पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत गेले. १७०७ मध्ये शाहू सुटले, पण आईला ओलीस म्हणून ठेवून घेतलं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले, तेव्हा येसूबाई स्वराज्यात आल्या. जवळजवळ तीस वर्षं! संभाजी महाराजांची कैद चाळीस दिवसांच्या आसपासची. ते दिवस आपल्याला पाठ आहेत. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून 'छावा'पर्यंत आपण त्यांच्यासाठी रडलोय. त्या तीस वर्षांसाठी मात्र माझ्या डोळ्यांसमोर एकही प्रसंग येईना.

बाईची युद्धातली कैद रंगमंचावर कशी दाखवतात, हे शोधताना मला जॉन मिस्टो या ऑस्ट्रेलियन नाटककाराचं 'द शू-हॉर्न सोनाटा' मिळालं. १९९५ चं नाटक. प्रयोग पाहिलेला नाही. संहिता फोनवर वाचली, दोन रात्रींत.

यात रंगमंचावर दोनच बायका आहेत. ब्रायडी ऑस्ट्रेलियन नर्स, शीला इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडताना दोघींची जहाजं बुडाली, समुद्रात त्यांची गाठ पडली आणि पुढची साडेतीन वर्षं त्यांनी सुमात्राकडच्या जपानी छावण्यांत काढली. नाटक सुरू होतं ते मात्र पन्नास वर्षांनी, मेलबर्नमध्ये. एका माहितीपटासाठी दोघींना बोलावलंय. मुलाखत घेणारा फक्त आवाज म्हणून ऐकू येतो. जपानी सैनिक रंगमंचावर येत नाहीत. मागे पडद्यावर फोटो येतात, त्या काळची गाणी वाजतात.

मिस्टोनं पात्रं कल्पिली, पण पाया खरा आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत 'व्हायनर ब्रुक' या जहाजावरून ६५ ऑस्ट्रेलियन नर्स सिंगापूरहून निघाल्या. जहाज बुडालं तेव्हा बारा जणी गेल्या. बांका बेटाच्या किनाऱ्यावर एकवीस जणींना गोळ्या घातल्या. त्या रांगेतली व्हिव्हियन बुलविंकल तेवढी वाचली. ३२ जणी कैदेत गेल्या, २४ घरी परतल्या. छावणीत मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स यांनी बायकांचा वाद्यवृंद उभा केला, तोही वाद्यांशिवाय. सिम्फनी नुसत्या गळ्यानं गायची. पुढे गाणाऱ्या बायकाच मरत गेल्या आणि ते गाणं थांबलं.

नाटकाचा गाभा याहून लहान गोष्टीत आहे. शू-हॉर्न, म्हणजे बूट चढवायची पट्टी. ती ब्रायडीला वडिलांनी दिलेली. समुद्रात शीलाला झोप लागू नये, म्हणून ब्रायडी तिला त्या पट्टीनं टोचत राहते. पुढे ब्रायडीला मलेरिया होतो, आणि शीला कुठूनतरी क्विनाइन आणते. पट्टी विकून आणलं, असं सांगते. पन्नास वर्षांनी हॉटेलच्या खोलीत तीच पट्टी ती ब्रायडीसमोर धरते. पट्टी विकलेलीच नव्हती. गोळ्यांसाठी शीला स्वतः एका जपान्याकडे गेली होती.

इथे आपल्या सवयीचं नाटक काय करेल? ब्रायडी मिठी मारेल, दोघी रडतील, पडदा. मिस्टो तसं करत नाही. ब्रायडी हादरते, मागे सरते. शीला विचारते, मी मरत असते तर तू माझ्यासाठी हे केलं असतंस का? ब्रायडीला 'हो' म्हणता येत नाही. मी तिथे फोन खाली ठेवला. मला वाटत होतं, शीला लाजेनं गप्प राहिली असेल. पण लाजेखाली एक भीतीही होती: जिच्यासाठी केलं, तिला कळलं तर तीच आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. ती भीती खोटी नव्हती.

म्हणून या नाटकातला समेट मला पटतो. तो शत्रूशी नाही. तो दोन मैत्रिणींमधला आहे, आणि त्याची किंमत आहे. ही गोष्ट शेवटी कॅमेऱ्यासमोर सांगितली जाते. नुसतं खोलीतल्या खोलीत माफ करून भागलं नसतं.

तरी दोन तक्रारी आहेत. शेवटी दोघी नाचतात, ते जरा फार नीटनेटकं वाटतं. दुसरी तक्रार मोठी. गोऱ्या बायकांच्या या गोष्टीत सुमात्रातल्या स्थानिक बायका जवळपास दिसतच नाहीत. जपानी सैन्यानं कोरियापासून इंडोनेशियापर्यंत असंख्य बायकांना लैंगिक गुलामगिरीत ढकललं. १९९१ मध्ये कोरियाच्या किम हाक-सून जाहीर बोलल्या, १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या डच यान रफ-ओहर्न. शीलाचं मौन त्या काळात ऐकायला हवं, पण नाटकाची चौकट तेवढी रुंद होत नाही.

आमच्या घरापासून केसरीवाडा चालत पाच मिनिटांवर. 'केसरी'त टिळकांबरोबर काम करणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. इंग्रज सरकारनं १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. प्रेक्षकांना कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे गांजलेला देश. त्या काळाला असं नाटक हवंच होतं. पण बाई देशाचं रूपक झाली की तिच्या वाट्याला विटंबना येते आणि मग भीम येतो. कीचक मेल्यावर गोष्ट संपते. मला मात्र सुदेष्णेचं कुतूहल आहे. भावाच्या हट्टापायी दासीला त्याच्या महालात पाठवणारी राणी. दुसऱ्या दिवशी सकाळी या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील?

मिस्टोचं नाटक त्या दुसऱ्या दिवसाचं आहे. येसूबाईंची गोष्टही तशीच लिहायला हवी. तिला तलवारी लागणार नाहीत. कैदेत त्यांच्यासोबत शिवाजी महाराजांच्या पत्नी सकवारबाई होत्या. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा या मायलेकरांशी मायेनं वागली, असं इतिहासकार सांगतात. जिच्या बापानं आपल्या नवऱ्याला मारलं, तिचीच माया आपल्या मुलाला वाचवतेय, हे रोज पाहणं कसं असेल? त्या मायेला मैत्री म्हणावं की तीही कैदच? आणि १७१९ मध्ये साताऱ्याला परतल्यावर यातलं किती सांगता आलं असेल, गादीवर बसलेल्या मुलालासुद्धा?

आजीला मी वर्षांचा हिशोब सांगितला तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढी वर्षं बोलायला कोण होतं गं त्यांना?"

नाटक लिहिणाऱ्या कुणीतरी हा प्रश्न घ्यावा. मी तिकीट काढीन, आजीचंही.