अपुरा मोजा, सैल झालेली शाल

हल्ली कुणाला लांबणारा आजार झाला की त्याला दोन गोष्टी हमखास सुचवल्या जातात: हळदीचं दूध आणि एखादा छंद. हळदीच्या दुधाबद्दल मला काही म्हणायचं नाही. छंदांच्या यादीत विणकामाचा क्रमांक सध्या बराच वर आहे, आणि विणकामात शालीचा. यावर कादंबऱ्या आहेत, आत्मपर लेखांचे संग्रह आहेत, संशोधनही आहे. त्यातलं बरंचसं मी वाचलं. काही आवडीनं, काही चिडून. यातल्या बहुतेकांना एकच गोष्ट सांगायची असते. बाई (जवळपास नेहमी बाईच) आजारी पडते, कुणीतरी तिच्या हाती सुया देतं, पहिल्यांदा टाके गळतात, मग जमायला लागतं, आणि विणकाम पूर्ण होतं तोवर बाईही सावरलेली असते. लोकरीचा शेवटचा टाका आणि दुखण्याचा शेवटचा दिवस साधारण एकाच प्रकरणात येतात.

हे कथानक मला पटत नाही. आजारांबद्दल ते खोटं आहे हे सांगायला नकोच, पण विणकामाबद्दलही ते खोटं आहे. याच्या जवळपासचं खरं सांगणारं पुस्तक मला सापडलं ते या प्रकारातलं नाही. ते १९२७ साली आलं, आणि त्यात शाल विणली जात नाही, एक मोजा विणला जातो. तिकडे जाण्याआधी लोकप्रिय कादंबऱ्यांना थोडा न्याय द्यायला हवा.

डेबी मॅकोम्बरच्या ‘द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट’मधली (२००४) लिडिया तरुणपणीच दोनदा कर्करोगातून उठलेली आहे. ती सिएटलमध्ये लोकरीचं दुकान काढते आणि तीन बायकांना बाळाचं पांघरूण विणायला शिकवते. केट जेकब्जच्या ‘द फ्रायडे नाइट निटिंग क्लब’मध्ये (२००७) मॅनहॅटनमध्ये लोकरीचं दुकान चालवणाऱ्या जॉर्जियाला अंडाशयाचा कर्करोग होतो आणि ती मरते. म्हणजे जेकब्जबाईंनी वाचकाला फसवलं असं म्हणता येणार नाही. पण दोन्ही पुस्तकांत विणकाम खरं तर माणसं एका टेबलाभोवती जमवण्याची युक्ती आहे. लोकरीऐवजी तिथे पुरणपोळीचे वर्ग असते तरी संवादांत फारसा फरक पडला नसता. दुखणारं शरीर आणि चालणारे हात यांचं आपसात काय चालतं, याकडे या कादंबऱ्या फारशा वळत नाहीत. आजार रुग्णालयाच्या प्रकरणांत असतो, विणकाम दुकानाच्या.

संशोधनाची गत वेगळी आहे, पण अडचण त्याच जातीची. २०१३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त जिल रायली, बेटसन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांचा एक पाहणी-लेख आला. ३,५४५ विणणाऱ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली होती, आणि जे वारंवार विणतात त्यांना शांत आणि आनंदी वाटण्याशी त्या विणण्याचा संबंध दिसला. लेख प्रामाणिक आहे. मात्र प्रश्नावली भरणारे आधीपासून विणणारे होते, तेही आवडीनं. ज्यांनी सुया घेतल्या, बोटं दुखली आणि माळ्यावर टाकून दिल्या, ते अशा पाहणीत येतच नाहीत. पुढे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘विणल्यानं आजार पळतो’ छापाचे जे मथळे येतात त्याला संशोधक जबाबदार नाहीत. पण तेच मथळे पुढे नातेवाइकांच्या तोंडून रुग्णापर्यंत पोचतात आणि रुग्णावर आणखी एक काम येऊन पडतं: बरं वाटून घेण्याचं.

मला रूमेटॉइड संधिवात आहे, आणि मी शाली विणते. दोन्ही विधानांमध्ये ‘म्हणून’ घालू नये अशी विनंती आहे. सकाळी तासभर बोटं माझी नसतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, आणि दुसरा दिवस मळमळीत आणि सुस्तीत जातो. विणल्यानं सांधे सुधारत नाहीत. जास्त विणलं तर दुखतात, हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल. मग शालच का? कारण शालीला माप नसतं. स्वेटरला छाती लागते, मोज्याला पाऊल लागतं. शाल चार बोटं लहान झाली तरी शालच राहते. औषधांनी वजन वरखाली होत असलेल्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची असते.

आता शालीचं अंतर्गत गणित पाहा, कारण बरं होण्याच्या कथानकाचं पितळ तिथे उघडं पडतं. त्रिकोणी शाल मानेपाशी चार-पाच टाक्यांनी सुरू होते आणि दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढतात. पाच टाक्यांनी सुरुवात केली तर शंभर ओळींनंतर सुईवर दोनशे पाच टाके असतात. पन्नासाव्या ओळीला आपण म्हणतो अर्धी झाली, पण खरी झालेली असते जेमतेम पाव. पुढची प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब, आणि शेवटची सगळ्यात लांब. म्हणजे ही वस्तू पूर्ण होत येते तशी सोपी होत नाही, जड होत जाते. हातांनाही आणि मांडीलाही. ‘हळूहळू सगळं सुरळीत झालं’ हे वाक्य शालीवर बसत नाही.

एलिझाबेथ झिमरमन या अमेरिकेत स्थायिक झालेल्या इंग्रज विणकर्तीनं १९७४ च्या ‘निटर्स अल्मनॅक’मध्ये एक गोल शाल दिली आहे, ती ‘पाय शाल’ म्हणून ओळखली जाते. हा पाय म्हणजे वर्तुळाचा. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, एवढ्याच तत्त्वावर ती उभी आहे. नऊ टाके घ्यायचे, ते अठरा करायचे आणि तीन फेरे साधे विणायचे. मग छत्तीस आणि सहा फेरे. बहात्तर आणि बारा. एकशे चव्वेचाळीस आणि चोवीस. दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठेचाळीस. मग पाचशे शहात्तर. दोन वाढींच्या मधल्या फेऱ्यांत आकड्यांचा काही हिशेब ठेवायचा नाही. पुरेशी मोठी वाटली की किनार लावून थांबायचं, कुठे ते आपण ठरवायचं. मला हा साहित्याचा नमुना वाटतो, आणि मी हे गमतीनं म्हणत नाही. आजारी माणसाच्या वेळेचं इतकं अचूक वर्णन मी क्वचित वाचलं आहे: एक धक्का, मग लांबच लांब सपाट पट्टा, मग पुन्हा एक धक्का आणि आधीच्या दुप्पट सपाट पट्टा. झिमरमनबाईंना यातलं काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी हे प्रकरण जुलै महिन्यात घातलं, प्रवासात डोकं न वापरता विणता यावं म्हणून.

या सगळ्यात एक प्रश्न मागे पडतो: विणतं कोण आणि पांघरतं कोण? १९९८ मध्ये अमेरिकेत, हार्टफर्ड सेमिनरीत शिकलेल्या दोघींनी ‘प्रार्थना-शाल’ ही चळवळ सुरू केली. विणताना प्रार्थना करायची आणि शाल आजारी किंवा दुःखात असलेल्याला द्यायची. अशा शालींवर टीका करणं अवघड आहे. रुग्णालयातल्या वातानुकूलित खोलीत कुणाच्या तरी हातची लोकर खांद्यावर असणं ही थोडी गोष्ट नाही. पण या व्यवस्थेत विणणारा धडधाकट धरलेला असतो आणि पांघरणारा आजारी. दोन बाजू ठरलेल्या. आपल्याकडे सत्काराची शाल खांद्यावर टाकतात तेव्हाही देणारा उभा आणि घेणारा वाकलेला असतो, हे सहज आठवलं.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये या दोन बाजू ज्या पद्धतीनं उलटतात, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मिसेस रॅमझी लालसर तपकिरी मोजा विणते आहे. आज रात्री तो पुरा झाला आणि उद्या हवा चांगली असून दीपगृहावर जाता आलं, तर तो तिथल्या राखणदाराच्या मुलाला द्यायचा आहे. त्या मुलाच्या खुब्यात क्षय शिरण्याचं भय आहे. मुलगा कादंबरीत प्रत्यक्ष कधी दिसत नाही. आजारी तो, विणणारी धडधाकट; इथपर्यंत प्रार्थना-शालीचीच मांडणी. मोजा ती आपल्या धाकट्या जेम्सच्या पायाला लावून मापते, जेम्स चुळबुळ करतो, आणि मोजा फारच अपुरा निघतो. रात्री नवऱ्यासमोर ती तो गुडघ्यावर सपाट करते आणि सांगते की हा काही पुरा होणार नाही. पुढच्या भागात एका कंसातल्या वाक्यात आपल्याला कळतं की मिसेस रॅमझी गेली. ज्या मुलाच्या दुखण्यासाठी मोजा होता त्याचं पुढे काय झालं ते वुल्फ सांगत नाही. गेली ती विणणारी.

हे पात्र ज्या बाईवरून आलं ती वुल्फची आई जुलिया स्टीफन. तिनं १८८३ मध्ये ‘नोट्स फ्रॉम सिक रूम्स’ नावाची शुश्रूषेची पुस्तिका लिहिली होती, ज्यात अंथरुणात पडणाऱ्या पावाच्या कणांचाही गंभीरपणे विचार आहे. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढून ती १८९५ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. व्हर्जिनिया तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि तिचं पहिलं मोठं मानसिक आजारपण त्यानंतरचं.

म्हणून मिसेस रॅमझीच्या विणण्याकडे मी मायाळू गृहिणीचा चाळा म्हणून पाहू शकत नाही. नवरा सहानुभूती मागत समोर उभा राहतो तेव्हा तिच्या सुया लखलखत चालतात. ती त्याला हवं ते सगळं देते, आणि तो तृप्त होऊन गेल्यावर ती पाकळ्या मिटाव्यात तशी थकव्यानं मिटून जाते. विणणाऱ्याचा थकवा लिहिणारी लेखिका मला इथे भेटली. पुढे मुलं झोपायला गेल्यावर ती एकटी विणत बसते. हात चालू असल्यामुळे कुणी तिला ‘काय करतेस?’ असं विचारत नाही, आणि त्या आडोशाला ती स्वतःच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या अंधारात उतरते, दीपगृहाच्या झोताच्या फेऱ्या मोजत. आजारी माणसाला विणकाम काय देतं याचं माझं उत्तर हेच आहे. शांती वगैरे नव्हे. दार उघडं असतानाही एकटं बसण्याची मुभा. पडून राहिलं तर सगळे येऊन कपाळाला हात लावतात.

वुल्फला हे बाहेरून माहीत नव्हतं. १९१२ साली, विश्रांतीच्या सक्तीच्या काळात, विणकामामुळे आपला जीव तगला अशा अर्थाचं तिनं लेनर्डला लिहिलं होतं. त्याच वर्षी बहीण व्हनेसा बेलनं तिचं आरामखुर्चीत हातकाम करत बसलेलं चित्र काढलं. त्यात चेहऱ्याचे तपशील जवळजवळ पुसट आहेत. १९२६ च्या जानेवारीत आलेल्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात तिची तक्रार होती की प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीत साहित्यानं आजाराला कधी बसवलं नाही. पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली. निबंधातली तक्रार तिनं कादंबरीत स्वतःच थोडी निस्तरली असं मी मानते.

आणि शाल? ती आहे. चित्राच्या चौकटीवर टाकलेली हिरवी काश्मिरी शाल, जी अशानं दोन आठवड्यांत विटेल म्हणून मिसेस रॅमझी मनात कुरकुरते. (ही मागावरची, मराठीत मागासाठी आणि सुयांसाठी ‘विणणं’ हा एकच शब्द असल्यानं आपली थोडी फसगत होते.) मुलांच्या खोलीत भिंतीवर डुकराची कवटी आहे. तिच्या भीतीनं कॅमला झोप येत नाही, आणि जेम्स ती काढू देत नाही. आई अंगावरची शाल काढून कवटीला गुंडाळते. कवटी तिथेच राहते, मुलगी झोपते. पुढे रिकाम्या घरात वर्षं जातात तशी त्या शालीची एक घडी सुटून लोंबते, मग आणखी एक. उपचाराच्या नावाखाली जे लिहिलं जातं त्यात शालीनं कवटी नाहीशी करावी अशी अपेक्षा असते. इथे ती झाकते, तेही काही काळ, आणि झाकणाऱ्या बाईला आत काय आहे ते पक्कं ठाऊक असतं.

शेवटच्या भागात लिली ब्रिस्को आपलं चित्र पुरं करते, आणि बहुतेक समीक्षक त्या पूर्ण होण्यावर थांबतात. मी त्याच्या थोडं आधी थांबते. चित्र काढता काढता लिलीला पायरीवर सावली दिसते आणि खुर्चीत मिसेस रॅमझी बसलेली दिसते, मरून इतकी वर्षं झाल्यावर. ती काही बोलत नाही, काही सांगत नाही. सुया मागेपुढे होताहेत, आणि सुयांवर तोच तपकिरी मोजा आहे.