उसन्या उजेडातले चेहरे

सेवाग्राम आश्रमात कनू गांधींना कॅमेरा हाती घेण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, बापूंना पोज द्यायला सांगायचं नाही आणि या छंदासाठी आश्रमाकडे पैसा मागायचा नाही. पैशांची सोय घनश्यामदास बिर्लांनी केली. त्यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स आला आणि गांधीजींच्या पुतण्याचा हा मुलगा १९४८ पर्यंत त्यांचे फोटो काढत राहिला. या तिन्हींत फोटोग्राफर घडवणारी अट पहिली. फ्लॅश नाही म्हटल्यावर मातीच्या कुटीत उजेड कुठून येतो, किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. माणूस दाराशी येईपर्यंत थांबावं लागतं.

आज अशी अट घातली तरी तिचा जाच कुणाला होणार नाही. आयएसओ ६४०० वर स्वच्छ चित्र देणारे कॅमेरे लग्नाच्या फोटोग्राफरकडेही असतात आणि फोन तर मिणमिणत्या दिव्यातही चेहरा टिपतो. नैसर्गिक प्रकाशातलं पोर्ट्रेट इतकं सोपं कधीच नव्हतं. तरीही मराठी मुलखातल्या स्पर्धा, दिवाळी अंक आणि प्री-वेडिंग अल्बम चाळताना जाणवतं, की उजेड भरपूर आहे पण तो पाहिलेला नाही. बहुतेक चेहरे दुसऱ्या कुठल्यातरी अक्षांशावरच्या उन्हात उभे आहेत.

हा दोष आजचा नाही. ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे या शहराला फोटोग्राफीची ओळख झाली तीही फार लवकर. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पहिल्या पिढीतले एतद्देशीय फोटोग्राफर. तेव्हा सूर्याशिवाय दुसरा दिवाच नव्हता. काचेच्या छपराखाली, पडदे ओढत-सारत, सेकंदांच्या हिशेबात चेहरा स्थिर धरायचा. त्याच काळात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड १८६३ ते १८६६ दरम्यान प्रसिद्ध केले. त्यातली कित्येक चित्रं जोडकामाची आहेत: माणसं एका ठिकाणी टिपलेली, मागचं देऊळ किंवा रस्ता दुसरीकडचा. नीट पाहिलं की ऊन एकीकडून आणि सावली भलतीकडे, असा घोळ दिसतो. आज फोनवर पार्श्वभूमी बदलून घेणाऱ्यांनी हे खंड एकदा पाहावेत. दीडशे वर्षांनंतरही शिवण तिथेच उसवते आहे.

पुढे कलाशाळांतून आणि पुस्तकांतून एक सूत्र आलं: चेहऱ्यासाठी खिडकी उत्तरेची हवी. पॅरिस-लंडनमध्ये ते बरंचसं खरं आहे, कारण तिथे भर दुपारी सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मुंबई मात्र विषुववृत्तापासून १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग माध्यान्हीला उत्तरेकडे कलतो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेला जातो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं आणि ज्या मऊ उजेडाच्या भरवशावर खुर्ची मांडलेली असते, तिथे गालावर कवडसा पडतो. इथे खिडकीची दिशा महिन्यागणिक निवडावी लागते. हे साधं भूगोलाचं गणित फोटोग्राफीच्या वर्गांत फारसं शिकवलं जात नाही.

‘गोल्डन अवर’चंही तेच. विषुवदिनी मावळतीचा सूर्य मुंबईत तासाला साधारण १४ अंश खाली उतरतो, लंडनला ९ अंशांच्या आसपास. क्षितिजावरचे शेवटचे सहा अंश उतरायला मुंबईत पंचवीसेक मिनिटं लागतात, लंडनला चाळीसच्या जवळ. म्हणजे ज्याला तास म्हणतात तो इथे अर्धा तासही नाही आणि समुद्रावर धुरकट पट्टा असला तर त्यातलाही थोडा गिळला जातो. पण जुहूपासून काशिदपर्यंत संध्याकाळी जोडपी रांगेत उभी असतात. सगळ्यांच्या केसांमागे तीच सोनेरी कड आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरने नंतर संगणकावर ओतलेला उजेड. अशा चित्रात डोळे बघावेत. त्यांत आकाशाचा किंवा दाराचा ठिपका नसतो, त्यामुळे नजर विझलेली वाटते. काठ उजळला म्हणून माणूस उजळत नाही.

खरा प्रश्न दुपारचा आहे, कारण वर्षातले आठ महिने या प्रदेशाला दुपारच जास्त मिळते. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते, कपाळ पांढरंफटक होतं. म्हणून बहुतेक जण अकरा ते चार कॅमेरा बॅगेत ठेवतात. हे हातचं सोडणं आहे. गावाकडचं घर बांधणाऱ्यांनी हा प्रश्न फोटोग्राफीच्या आधीच सोडवला होता. पडवीचं छप्पर वरचं ऊन अडवतं, समोरच्या अंगणातून उजेड परावर्तित होऊन आत येतो आणि ओट्याच्या कडेला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समोरून, किंचित खालून, पसरट पडतो. माणूस दोन हात मागे सरकला की पार्श्वभूमी काळोखात जाते. पुढे आला की सावल्या जवळजवळ पुसल्या जातात. वाड्याचा चौक आणि चाळीची गॅलरी हेच काम वेगळ्या मापाने करतात. जमिनीचा रंगही चेहऱ्यावर चढतो, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. चुन्याची भिंत उजेड तसाच परत देते, शेणाने सारवलेलं अंगण पुष्कळसा पिऊन टाकतं, कोकणातला जांभा हनुवटीखाली तांबूस छटा सोडतो आणि भाताच्या खाचरात उभ्या माणसाचा गळा हिरवट दिसतो.

अशा आडोशाच्या उजेडाची किंमत ज्यांना कळली त्यांनी तो विकत घेतला, वाहून नेला किंवा बांधून काढला. आयर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये पेरूतल्या कुस्कोला स्थानिक फोटोग्राफरचा दिवसाच्या उजेडावर चालणारा स्टुडिओच भाड्याने घेतला. पुढे ते तंबूचा स्टुडिओ बरोबर घेऊन मोरोक्को आणि न्यू गिनीपर्यंत फिरले. रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिमेतली माणसं टिपली ती उघड्यावर, पण थेट उन्हात नव्हे. पांढरा कागद लावून, सावलीत. आणि ‘अपराजितो’साठी कलकत्त्याच्या स्टुडिओत बनारसच्या घराचा चौक उभारला गेला, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून तो उजेड खाली उतरवला. १९५६ च्या त्या सिनेमातल्या चेहऱ्यांवर खरोखरचं आकाश आहे असंच वाटतं. आज मुंबईच्या सेटवर थर्माकोलची शीट धरून उभा असलेला पोरगा नकळत त्याच वारशाचा मानकरी आहे.

आता फोनकडे. ॲपलने २०१६ मध्ये पोर्ट्रेट मोड आणला आणि पार्श्वभूमी धूसर करणं म्हणजेच पोर्ट्रेट, अशी समजूत घरोघरी रुजली. त्याहून मोठा फरक सहज डोळ्यांत भरत नाही. फोन अनेक फ्रेम एकत्र करून सावल्या उचलतो, उजळ भाग दाबतो आणि बाजूने येणाऱ्या उजेडाने चेहऱ्याला दिलेली गोलाई सपाट करतो. दाराशी बसवलेली आजी आणि ट्यूबलाइटखाली बसवलेली आजी सारखीच दिसू लागते. त्यात भर ब्युटी फिल्टरची, आणि त्याचा अर्थ आपल्याकडे बहुधा गोरं करणं एवढाच. गुगलने २०२१ मध्ये ‘रिअल टोन’ आणि २०२२ मध्ये त्वचेच्या दहा छटांची ‘मंक’ मोजपट्टी पुढे केली ती सावळ्या त्वचेवरच्या अन्यायाची कबुली म्हणूनच. पण सॉफ्टवेअर सुधारलं तरी फोटोग्राफरची सवय सुटत नाही. सावळा चेहरा ‘उठावा’ म्हणून एक्सपोजर वाढवायचं, मग त्याचा तांबूसपणा करपतो. सावळी कातडी झळाळते ती तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबाने: मोठा, आडवा उजेड, रुंद दार किंवा पांढरी भिंत, आणि एक्सपोजर उलट थोडं कमीच. केतकी शेठ यांच्या सिद्दी समाजावरच्या २०१३ च्या ‘अ सर्टन ग्रेस’ या पुस्तकातली कृष्णधवल चित्रं त्यासाठी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहेत. तिथे काळा रंग उजळवून माफी मागितलेली नाही.

महाराष्ट्रात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम याच वाटेवरचं. चांगला उजेड शोधून माणसाला तिथे नेणं त्यांच्या विषयाला शोभलंच नसतं. माणूस जिथे राबतो तिथला उजेड हाच चित्राचा उजेड. गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हार परिसरात केलेली ‘ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही मालिका तर आणखी पुढे जाते. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कोकणा आणि वारली कलाकारांनी नेहमीच्या जगण्यातले मुखवटे घडवले आणि गावकरी ते घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दिवसाचा साधा, कुठलाही साज न चढवलेला प्रकाश. सोनेरी कड असती तर ही चित्रं जाहिरात झाली असती.

उलट स्पर्धांत बक्षीस मिळवणारं चित्र ठरलेलं असतं: लाल पागोटं, सुरकुत्या, चिलमीचा धूर आणि त्यातून येणारा तिरपा किरण. स्टीव्ह मॅककरी यांची १९८४ ची अफगाण मुलगी निर्वासित छावणीतल्या तंबूच्या शाळेत, गाळून आलेल्या उजेडात टिपली गेली होती. तिची नक्कल करणाऱ्यांनी डोळे घेतले, तंबू विसरले. वारीत आणि जेजुरीत आता एकेका वारकऱ्यामागे चार-चार लेन्स असतात. परीक्षकांनी सुरकुत्यांना गुण देणं थांबवलं तर कदाचित कुणी सावलीत बसलेल्या तरुण वारकरणीकडे वळेल.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आकाश हाच मोठा डिफ्यूझर होतो. दुपारी बारालाही चेहऱ्यावर कठोर सावली पडत नाही. फक्त उजेड थेट वरून येतो म्हणून माणसाला छपराच्या कडेला आणावं लागतं आणि पांढरा रंग निळसर छटेकडे झुकतो तो सावरावा लागतो. पण आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात आणि धंद्याच्या भाषेत हा ‘ऑफ सीझन’ ठरतो. जे थोडे लोक कॅमेरा घेऊन बाहेर पडतात ते माळशेज नाहीतर लोणावळ्याला जातात, धबधब्यासाठी. बरोबर नेलेल्या प्री-वेडिंग जोडप्यांचे चेहरे त्या चित्रांत करंगळीच्या नखाएवढे असतात.