नाव बदललं, गाव तेच

‘नाव बदललं आहे.’ व्यसनमुक्ती किंवा समुपदेशन यांवरच्या लेखात कंसात हे तीन शब्द दिसले, की वाचक म्हणून आपण निश्चिंत होतो. लिहिणाऱ्याने काळजी घेतलीय, आता पुढची गोष्ट मोकळ्या मनाने वाचायची. मीही असाच वाचत आलो. गेल्या वर्षी एका लेखाच्या संपादनात माझा हात लागला आणि या तीन शब्दांवरचा माझा विश्वास उडाला.

मी चंद्रपूरचा. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. माझी शाळेतली एक मैत्रीण समुपदेशक आहे. दारू सोडू पाहणाऱ्या पुरुषांचा एक गट ती दर आठवड्याला घेते. हा गट वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर बसतो की गडचिरोलीकडच्या, हे मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. गटोपचार करणाऱ्यांच्या एका व्यावसायिक वार्तापत्रासाठी तिला लेख लिहायचा होता. इंग्रजीत, बाराशे शब्द. ‘तू जरा नीट करून दे,’ म्हणून तिने मसुदा मला पाठवला.

मसुद्यात नऊ माणसं होती. कोण कुठे बसलं, कोण कोणाच्या बोलण्यात आलं, कोण गप्प राहिलं, असं सगळं. मला कंटाळा आला. मी तिला लिहिलं, ‘यात माणूस कुठे आहे? एकाची गोष्ट घे, त्याला मध्यभागी ठेव.’ तिने नाही-होय करत ऐकलं आणि मी एकाला नायक केलं. नाव बदललं, वय दोन वर्षांनी वाढवलं, धंदा बदलला. खरा तपशील इथेही लिहीत नाही, पण समजा असं: तो झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत असेल, तर मी त्याला तबलजी केलं. दिवाळीनंतर नाटकांच्या हंगामात वडसाकडे जाणं, रात्रभराचे प्रयोग, मिळालेल्या पैशाची दारू, हे सगळं तसंच ठेवलं. त्यातच तर ‘रंग’ होता.

माझ्या धंद्यात या चुकीला नाव आहे आणि तरीही मी ती केली. लॅटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवून दिलं, की पिनकोडसारखा पाच आकडी झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. नावाची गरजच नाही. त्याआधी त्यांनी नावं काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली होती. यातून ‘के-अनामिकता’ ही कल्पना आली. तुम्ही दिलेलं वर्णन निदान ‘के’ इतक्या माणसांना लागू पडलं पाहिजे, तरच त्यातला एक जण लपतो. पुण्यात ‘बेचाळीस वर्षांचा रिक्षाचालक’ म्हटलं, तर ‘के’ शेकड्यांत जाईल. साठ घरांच्या वस्तीत दिवाळीनंतर वडसाला जाणारा वाजंत्री किती जण असतील? ‘के’ बरोबर एक. पेटी काढून तबला दिला, एवढंच.

आमच्याकडे या एकची किंमतही वेगळी आहे. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला आली आणि २०२१मध्ये उठली. बंदी असलेल्या जिल्ह्यात ‘मी प्यायलो’ या वाक्यात आणखी एक वाक्य दडलेलं असतं: कोणाकडून आणली. मोहाची असेल तर कोणाच्या घरची, बाटलीतली असेल तर नदी ओलांडून कोणी आणली. विकणारा कधी भाऊबंद असतो, कधी तेंदूपत्त्याच्या हंगामातला सोबती. माणूस स्वतःचं सांगतो तेव्हा न विचारता दुसऱ्याचंही सांगून बसतो. शहरात लिहिलेल्या नियमांत गोपनीयता म्हणजे रुग्णाची लाज झाकणं. इथे त्यात पोलीस येतात, भाऊबंदकी येते आणि उद्या त्याच हातपंपावर पाणी भरायचं असतं.

छापायला देण्याआधी मैत्रिणीने लेख मराठीत करून गटात वाचून दाखवला. परवानगी घ्यायची म्हणून. तीन परिच्छेद झाले नसतील, तोच एक जण हसून म्हणाला, “मॅडम, हा त आपलाच होय ना?” आणि त्याने शेजारी पाहिलं. शेजारचा हसला नाही. पुढचे दोन आठवडे तो गटात आला नाही. तिसऱ्या आठवड्यात आला, दाराजवळ बसला. ते दोन आठवडे मैत्रिणीने मला फोन केला नाही आणि मीही केला नाही.

हा साचा मी शिकलो कुठून, याचा विचार तेव्हा सुरू झाला. उत्तर सोपं आहे: मराठी वाचूनच. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं. त्या विषयावरच्या त्यांच्या लेखनातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीतून, १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. लेखातून संस्था उभी राहण्याची अशी उदाहरणं फार नाहीत. पुढे त्यांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहिलं. अवचट समोरच्या माणसापाशी जाऊन बसतात, त्याचं ऐकतात, स्वतःला शहाणं ठरवत नाहीत. त्यांची पुस्तकं मिटल्यावरही लक्षात राहतात ती एकेक माणसं. ही त्यांची ताकद आहे, आणि ज्या वेळी व्यसनी म्हणजे गुन्हेगार असं समाज धरून चालला होता, त्या वेळी तिची गरजही होती.

अडचण अवचटांची नाही, त्यांच्यानंतर आलेल्या आपल्या सगळ्यांची आहे. आपण त्यांचं बसणं-ऐकणं सोडलं आणि साचा उचलला: एक माणूस, त्याचा ऱ्हास, एक तळ, एक वळण, आणि शेवटी ‘आज तो ताठ मानेने जगतो.’ वर्तमानपत्राच्या पुरवण्या याने भरल्या. व्यावसायिकांची वार्तापत्रंही त्यातून सुटलेली नाहीत, तिथे फक्त शब्द जड होतात. शिवाय शहरात जन्मलेला हा साचा साठ घरांच्या वस्तीत जसाच्या तसा उतरवला, की काय होतं ते मी पाहिलं.

पण समजा, ओळख पटण्याचा धोका नसता तरी माझा मसुदा वाईटच होता. कारण तो गटाविषयी नव्हताच. १९०५मध्ये बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरने गरीब क्षयरोग्यांचे वर्ग सुरू केले. ते आरोग्याचे धडे देण्यासाठी होते. मग लक्षात आलं, की एकाच दुखण्याची माणसं एकत्र बसतात, यानेच काहीतरी घडतंय. १९७०मध्ये आयर्विन यालोमने गटोपचारावरच्या आपल्या ग्रंथात या ‘काहीतरी’चे घटक वेगवेगळे मांडले. त्यातला एक म्हणजे, ‘हे फक्त माझंच नाही’ हे कळणं. दुसरा, आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडलो याचा अनुभव. हे दोन्ही एकट्या माणसात घडू शकत नाहीत. मी एकाला नायक केलं, त्याच क्षणी उरलेले आठ जण प्रेक्षक झाले आणि माझी मैत्रीण दिग्दर्शक. ज्या गोष्टीने माणूस सावरतो, तीच मी संपादनात कापली होती.

मग अनेकवचनी गोष्ट लिहायची कशी? यासाठी मला फार लांब जावं लागलं नाही. मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावावर आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. अभ्यासगट आधी विषय चघळतो, निर्णय मात्र ग्रामसभा घेते. पुस्तकात देवाजी तोफा आहेत, मोहन हिराबाई हिरालाल आहेत, तरी नायक गावच आहे. बैठका, मतभेद, थांबणं, पुन्हा बसणं यांनाच कथानकाचं वजन आहे. हे पुस्तक उपचाराचं नाही आणि त्यातली माणसं सार्वजनिक कामाची असल्याने नावांचा प्रश्नही वेगळा आहे. पण एकाला पुढे न काढताही मराठी गद्य वाचनीय राहू शकतं, याचा पुरावा माझ्याच मुलखात होता आणि मी तो माणूस शोधत बसलो होतो.

दुसरी वाट यालोमचीच. त्याच्या बाह्यरुग्ण गटांच्या प्रत्येक बैठकीनंतर तो तिचा सारांश लिहायचा आणि पुढच्या बैठकीआधी सगळ्या सदस्यांना टपालाने पाठवायचा. काय घडलं, त्याला काय वाटलं, काय बोलायचं राहून गेलं, सगळं त्यात असायचं. १९७५मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत या पद्धतीवर निबंधही छापला. म्हणजे गटाविषयीच्या लिखाणाचे पहिले वाचक गटातलेच. हे वाचून मला आमच्या ऑफिसातला कोड रिव्ह्यू आठवला. ज्यांना तो कोड वापरायचाय त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो पुढे जात नाही.

मैत्रिणीने लेख नव्याने लिहिला. यात ना तबलजी, ना वय, ना गाव. एका संध्याकाळी गटात बराच वेळ कोणीच बोललं नाही. तिला ती शांतता सोसली नाही आणि तिने मध्येच बोलायला सुरुवात केली, त्यामुळे जो कोणी बोलणार होता तो राहून गेला. लेख या चुकीवर होता. तोही तिने गटात वाचला. वाचून झाल्यावर एक जण म्हणाला, “मॅडम, तुमी बोल्ले नाई. तुमी उठून पंखा बंद केला होता.” दुसऱ्याने मान डोलावली. पंख्याचा आवाज थांबला म्हणून शांतता जास्तच मोठी वाटली, असं तिसरा म्हणाला. तिने ते तिथेच दुरुस्त केलं. पंख्याचं इथे लिहू का, हेही गटाला विचारलंय. हो म्हणाले.

असं लिहिल्याने काही गमावतं, हे मान्य करायला हवं. एका माणसाच्या आयुष्याचा लांब आलेख दुसऱ्या उपचारकाला खूप शिकवतो, तो या लेखात नाही. वाचकाला रडवण्याची ताकदही कमी होते. त्या माणसाची गोष्ट लिहायची असेल तर ती त्याने लिहावी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं ‘ग्रेपव्हाइन’ हे मासिक १९४४पासून सदस्यांच्याच लेखणीवर चालत आलंय. उपचारकाकडे स्वतःची म्हणता येईल अशी एकच गोष्ट असते: त्या खोलीत आपण काय केलं, काय करायला नको होतं. वार्तापत्राचे वाचकही त्याच खुर्चीत बसणारे असतात. त्यांना दुसऱ्याच्या रुग्णापेक्षा दुसऱ्याची चूक जास्त उपयोगी पडते.

संपादकांनी लेख घेतला. सोबत एक सूचना होती: एखाद्या सदस्याची छोटीशी गोष्ट घातली, तर लेख जिवंत होईल, नाव अर्थातच बदलावं. मैत्रिणीने तो मेल मला पुढे पाठवला, वर काहीच न लिहिता. तिने लेख तसाच ठेवला. तो तसाच छापून आला, नऊ माणसांसकट आणि बंद पंख्यासकट. दाराजवळ बसणारा आता भिंतीकडे सरकलाय, एवढंच तिने मला सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.