गुलालाच्या रात्री आणि आपले आठवणलेखन

मराठीत निवडणुकीच्या ऐतिहासिक रात्रीची आठवण निघाली की ती बहुधा मार्च १९७७ चीच असते. रेडिओला कान लावून बसलेली माणसे, रायबरेलीत इंदिरा गांधी ५५ हजारांवर मतांनी पडल्याची बातमी, मग रस्त्यावर पेढे. विनय हर्डीकरांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ (१९७८) याच काळावरचे. पु. ल. देशपांडे, दुर्गाबाई भागवत तेव्हा जाहीरपणे बोलले, याचा मराठीला अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

पण हे सारे रिसोडात बसून वाचताना आम्हांला अडखळायला होते. कारण त्या रात्री आमच्या वाशीम मतदारसंघातून काँग्रेसचे वसंतराव नाईकच निवडून आले होते. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसने २० राखल्या, त्यांतल्या बऱ्याच विदर्भातल्या. म्हणजे देश जी रात्र साजरी करत होता, ती आमच्याकडे तशी उजाडलीच नाही. आणि तरीही नसबंदीची धास्ती आमच्या मोहल्ल्यांत होतीच. राज्याच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते राहिले. अनेक राज्यांत शिक्षकांना ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट दिले गेले. (आम्हां शिक्षकांना जनगणनेपासून मतदान केंद्रापर्यंत सगळीकडे धाडतात, पण तो प्रकार निराळाच.) भीतीही तीच आणि मतही त्याच पक्षाला, हे कसे जमले? या गुंत्यावर आपल्या एकाही लेखकाने दोन पाने लिहिलेली आमच्या वाचनात नाहीत.

आपल्या लोकांना आठवते ती पुढची रात्र, जानेवारी १९८० ची. वसंतराव नाईक ऑगस्ट १९७९ मध्ये वारले होते. काँग्रेस (इंदिरा)ने वाशीममधून उमेदवार दिला तो थेट जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातला, गुलाम नबी आझाद, वय तीस-एकतीस. ना वऱ्हाडी येत, ना इथे कुणी नातलग. ते निवडून आले, १९८४ मध्ये पुन्हा आले.

या रात्रीच्या आठवणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारे बुजुर्ग वेगवेगळे, पण घाट एकच: ढोल, गुलाल, खांद्यावर घेतलेली पोरे आणि शेवटी ‘अपना आदमी जीता’. आमचा आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे. मुसलमानांच्या मतांवर वाशीमची जागा कधीच निघत नव्हती. बंजारा तांड्यांनी, मराठा-कुणब्यांनी, दलित वस्त्यांनी मते दिली म्हणून तो परका तरुण जिंकला. हे वाक्य आठवणीतून गळाले की आठवण लहान होते, आणि आपले शेजारीही त्या रात्रीतून बाहेर पडतात. खरे तर विजयाहून मोठी गोष्ट तीच होती.

एका निवृत्त मास्तरांनी सांगितलेली आठवण म्हणूनच आम्हांला सरस वाटते. त्यांच्या शेजारचे एक पाटील रात्रभर ‘गुलाबनबी’ म्हणत नाचत होते. मास्तरांनी दोनदा दुरुस्त केले, “गुलाब नव्हे भाऊ, गुलाम.” पाटील म्हणाले, “मास्तर, निवडून आलेल्या माणसाला गुलाम कसं म्हनू?” या एका संवादात जे आहे, ते दहा पानांच्या गुलालात नाही.

आणि बायका? एका वृद्ध खालाला आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, ढोल ऐकू आला, पण ओसरीपलीकडे जायची सोय नव्हती. दोन वाजता पुरुष आले, भूक लागली म्हणाले, मग चूल पुन्हा पेटवली. कोण जिंकले ते त्यांना पिठाच्या हातांनी भाकरी थापताना कळले. मत मात्र त्यांनीही दिले होते. आपल्या आठवणलेखनात ही चूल कुठे आहे?

१९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आत्मकथनाचा आग्रह आपण सतत धरला आहे. तो बहुतेक दुःखाच्या कथनात खर्ची पडला. दंगल, तलाक, गरिबी यांवर आपण प्रामाणिकपणे लिहिले. आनंदाचा प्रसंग आला की लेखणी सभेतल्या भाषणासारखी चालते. १९८० च्याच जूनमध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले, त्याही आठवणींची तीच गत. आनंदात कोण सामील होते, कोण दाराआड राहिले, महिन्याभराने काय उरले, हे विचारायला आपण कचरतो.

आझादांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२३ मध्ये आले. ती उमेदवाराची बाजू. मतदाराच्या बाजूचे पान अजून कोरे आहे, आणि वाशीम हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघही २००८ च्या फेररचनेत संपला. रिसोड आता अकोल्यात मोडते. १९८० ला ज्यांनी पहिल्यांदा मत दिले, ते आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. मास्तरांना आम्ही सगळे लिहून द्या म्हणून मागे लागलो आहोत. ते म्हणतात, उर्दूत लिहू की मराठीत ते आधी सांगा. आम्ही मराठीत म्हटले आहे.