तालीम, पेठ आणि फुटबॉल : कोल्हापूरच्या संघांचा इतिहास व अस्मिता – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील क्रीडासंस्कृतीचा विचार करताना कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट या खेळांची चर्चा प्रामुख्याने होते. फुटबॉल हा खेळ बंगाल, गोवा व केरळ या प्रदेशांचा मानला जातो. या सर्वसाधारण समजुतीला कोल्हापूर हे शहर ठळक अपवाद आहे. येथे तालमींच्या व तरुण मंडळांच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले, पिढ्यान्पिढ्या टिकले आणि शहराच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनले. वृत्तपत्रांतून कोल्हापूरला ‘फुटबॉल पंढरी’ असे गौरवाने म्हटले जाते. मात्र गौरव हा चिकित्सेला पर्याय होऊ शकत नाही. संघाची अस्मिता म्हणजे नेमके काय, ती कोठून येते, ती कोणाला सामावून घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी हंगेरीच्या राजधानीतील फेरेन्त्सवारोश या संघाचा इतिहास तुलनेसाठी घेतला आहे. दोन्ही ठिकाणी संघ हा वस्तीचा असून त्याचे मूळ फुटबॉलमध्ये नसून व्यायामसंस्थेत आहे. हे साम्य वरवरचे नाही.

तालीम : खेळापूर्वीची संस्था

राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान हे त्या आश्रयाचे दगडी स्मारकच होय. तथापि मैदानापेक्षाही महत्त्वाची संस्था म्हणजे पेठापेठांतून पसरलेली तालीम. तालमीत केवळ अंग कमावले जात नसे. वस्तीतील मुलगा तेथे वस्ताद, हनुमान आणि तांबडी माती यांच्या शिस्तीत वाढे. गणेशोत्सव, शिवजयंती, लग्नकार्य, भांडण-तंटा आणि संकटकाळची मदत या साऱ्यांचे केंद्र तालीमच असे. म्हणजे फुटबॉल येण्यापूर्वीच वस्तीला एकत्र आणणारी, वर्गणी गोळा करणारी आणि प्रतिष्ठेचा हिशेब ठेवणारी यंत्रणा सिद्ध होती.

शाळा-महाविद्यालयांतून व संस्थानी वर्तुळातून आलेला हा परकीय खेळ या यंत्रणेने उचलला. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘केएसए’ने, त्याला स्पर्धेची चौकट दिली. राजघराण्याचा आश्रय या संस्थेला पुढेही लाभत राहिला. आखाड्यात मल्ल एकटा लढतो, मैदानावर अकरा जण खेळतात. परंतु दोघांच्याही पाठीशी उभी असते ती तालीमच. कोल्हापूरच्या फुटबॉलने कुस्तीची जागा घेतली असे म्हणण्याऐवजी कुस्तीने घडविलेल्या सामाजिक साच्यात फुटबॉल ओतला गेला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

फेरेन्त्सवारोशच्या बाबतीत हाच क्रम दिसतो. ३ मे १८९९ रोजी बुडापेस्टच्या नवव्या विभागातील रहिवाशांनी ‘फेरेन्त्सवारोशी तोर्ना क्लब’ स्थापन केला. फेरेन्त्स स्प्रिंगर हे वकील त्याचे पहिले अध्यक्ष होते. ‘तोर्ना’ या हंगेरियन शब्दाचा अर्थ व्यायाम, कसरत असा आहे. फुटबॉलचा विभाग त्यानंतर, १९०० मध्ये सुरू झाला. पुढे देशातील सर्वाधिक अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या संघाच्या नावात आजही व्यायाम आहे, फुटबॉल नाही. ‘तालीम मंडळ’ या नावातही फुटबॉल नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नावांची भाषा :

संघाचे नाव ही त्याच्या अस्मितेची पहिली संहिता असते. कोल्हापूरच्या संघांची नावे वाचली तर त्यांचे काही गट सहज पडतात. पाटाकडील तालीम मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी, उत्तरेश्वर ही नावे स्थळाची आहेत. संध्यामठ ही रंकाळा तलावातील दगडी वास्तू. ‘पाटाकडील’ या शब्दात वाहत्या पाण्याच्या वाटेची खूण आहे. पत्ता सांगण्याची जी रीत, तीच संघाचे नाव ठेवण्याची रीत. खंडोबा तालीम मंडळ व बालगोपाल तालीम मंडळ ही नावे श्रद्धेच्या जगातून येतात. शिवाजी तरुण मंडळ हे नाव इतिहासाचा वारसा सांगते. दिलबहार तालीम मंडळ या नावातील फारसी वळणाचा शब्द मराठी आखाड्याच्या शब्दकळेत इतका मुरलेला आहे, की तो कोणालाच परका वाटत नाही. कोल्हापूरच्या नागर संस्कृतीची सरमिसळ या एका शब्दात दिसून येते.

प्रॅक्टिस क्लब हे नाव तर आणखी वेगळे. ते ना स्थळाचे, ना देवाचे, ना वीराचे. ते सरावाचे नाव आहे. योगायोग असा की, बुडापेस्टमध्ये फेरेन्त्सवारोशचा जुना प्रतिस्पर्धी असलेल्या, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या एमटीके या संघाच्या पूर्ण नावाचा अर्थही ‘हंगेरियन शरीरसाधकांचे मंडळ’ असाच होतो. सरावालाच ओळख मानणारी ही दोन नावे एकमेकांना न ओळखता एकाच विचारापाशी आली आहेत.

मराठी मनाला नावाचे हे मोल नवे नाही. नाशिककरांना रंगपंचमीच्या रहाडींचे उदाहरण पुरेसे आहे. जुन्या नाशकातील प्रत्येक रहाड तिच्या चौकाच्या नावाने ओळखली जाते, तिचा रंग ठरलेला असतो आणि तिचा मान कोणाकडे हेही ठरलेले असते. रंग बदलला तर रहाडीचे पाणी बदलत नाही, पण रहाड तीच राहत नाही. फुटबॉल संघाच्या बाबतीतही असेच घडते.

नाव व रंग हिरावले जातात तेव्हा :

या विधानाचा पुरावा हंगेरीच्या इतिहासात सापडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सत्तेवर आलेल्या साम्यवादी राजवटीने फुटबॉल संघांची खात्यांमध्ये वाटणी केली. किश्पेश्त या उपनगराचा संघ सैन्याकडे गेला व ‘होनवेद’ म्हणजे देशरक्षक झाला. फेरेन्त्स पुश्काश त्याच संघाचा. एमटीके गुप्त पोलिसांच्या अखत्यारीत गेला. फेरेन्त्सवारोश अन्नउद्योगातील कामगार संघटनेकडे सोपविण्यात आला. १९५० मध्ये त्याला त्या संघटनेचे नाव मिळाले व १९५१ मध्ये तो ‘किनिझी’ झाला. शिवाय हिरवा-पांढरा हा परंपरागत रंग काढून त्याला लाल-पांढरा पोशाख देण्यात आला. १९५६ च्या उठावाच्या दिवसांत जुने नाव व जुना रंग परत आले. पुढे १९६५ मध्ये याच संघाने तुरीन येथे युव्हेंटसचा १–० असा पराभव करून युरोपीय फेअर्स चषक जिंकला आणि १९६७ मध्ये या संघाचा फ्लोरियान आल्बेर्त युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

येथे एक सूक्ष्म भेद करणे आवश्यक आहे. सरकारी खात्यांच्या त्या काळात हंगेरीचा राष्ट्रीय संघ दुबळा नव्हता. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी त्याने वेम्बली येथे इंग्लंडला ६–३ असे नमविले. म्हणजे वरून लादलेली रचना उत्तम खेळ घडवू शकते. तिला घडविता येत नाही ती आपलेपणाची भावना. खेळाची गुणवत्ता आणि संघाची अस्मिता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एकीच्या यशावरून दुसरीचे माप काढता येत नाही.

महाराष्ट्रातही याचा पडताळा मिळतो. केवळ तेथे शासन होते, येथे भांडवल आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी दशकभरही टिकला नाही. २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. हे संघ व्यावसायिक होते, साधनसंपन्न होते. मालकाचा हिशेब जुळेना तेव्हा ते मिटले. कोल्हापूरच्या तालमींकडे त्यांच्या तुलनेत पैसा नगण्य होता. तरी त्या टिकल्या. त्यांच्या मालकीचा कागद कोणा एकाच्या कपाटात नव्हता, हे त्याचे प्रमुख कारण होय.

अस्मितेची दुसरी बाजू :

येथवरचे विवेचन तालमीच्या बाजूने झुकणारे वाटेल. परंतु चिकित्सेचे काम येथेच सुरू होते.

पहिला प्रश्न ईर्ष्येचा आहे. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने राष्ट्रवादावरील आपल्या १९९० च्या ग्रंथात असा विचार मांडला आहे की, लक्षावधींचा कल्पित समाज अकरा नावांच्या संघात अधिक खरा वाटू लागतो. कोल्हापूरला हे सूत्र तसेच्या तसे लागू पडत नाही. येथील पेठ हा कल्पित समाज नाही. खेळाडू हा प्रेक्षकाच्या गल्लीतला, ओळखीच्या घरातला असतो. त्यामुळे पराभव दूरचा राहत नाही. तो सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर भेटतो. या जवळिकीतूनच शाहू स्टेडियमवरील जल्लोष निर्माण होतो आणि हुल्लडबाजी, दगडफेक व सामन्यानंतरच्या हाणामाऱ्याही त्यातूनच निर्माण झाल्या आहेत. दोन्हींचे मूळ एकच असल्यामुळे एकाचे कौतुक करून दुसऱ्याला ‘काही समाजकंटकांचे काम’ म्हणून मोकळे होता येत नाही.

फेरेन्त्सवारोशचा इतिहास याबाबत अधिक कठोर इशारा देतो. एमटीके हा संघ बुडापेस्टच्या ज्यू समाजाशी जोडला गेला होता. ज्यूविरोधी राजवटीत १९४२ मध्ये तो बंद पाडण्यात आला. फेरेन्त्सवारोशच्या प्रेक्षकांतील एका गटाने वंशद्वेषी घोषणांचा कलंक पुढे दीर्घकाळ वाहिला. याच संघाचा जुना खेळाडू व प्रशिक्षक इश्त्वान तोथ याला मात्र नाझीधार्जिण्या सत्तेविरुद्ध प्रतिकार केल्याबद्दल १९४५ मध्ये ठार मारण्यात आले. एकाच रंगाखाली द्वेषही उभा राहिला आणि बलिदानही. तेव्हा अस्मिता स्वतः नैतिक नसते. ती कोणाच्या हाती जाते यावर तिचे मोल ठरते.

दुसरा प्रश्न बाहेरच्या खेळाडूंचा. गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या संघांनी परगावचे, प्रसंगी आफ्रिकी देशांतील खेळाडूही मैदानात उतरविले. यामुळे पेठेची ओळख पुसली जाते, असा आक्षेप घेतला जातो. इतिहासाच्या कसोटीवर हा आक्षेप पूर्णतः टिकत नाही. शाहू महाराजांच्या काळात उत्तरेकडील नामांकित मल्लांना कोल्हापुरात आश्रय मिळाला होता व शहराने त्यांना आपले मानले होते. भेद आहे तो मुक्कामाचा. आश्रयाला आलेला मल्ल येथे राहून आपली विद्या देत असे. हंगामापुरता करारावर आलेला खेळाडू गोल देऊन जातो. परक्याचे येणे ही अडचण नसून त्याचे काहीही मागे न राहणे ही खरी अडचण आहे.

तिसरा प्रश्न खेळाच्या उन्नतीचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूर जिल्ह्याचा. परंतु त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत व तेथील अकादमीत झाली. निखिल कदमसारखा कोल्हापूरचा खेळाडू मोहन बागानपर्यंत पोहोचला, तोही शहराबाहेर पडून. पेठेची ईर्ष्या मुलाला मैदानापर्यंत आणते. त्यापुढची वाट तिच्याजवळ नाही. चषकाच्या सामन्यासाठी जमणाऱ्या वर्गणीचा काही भाग बारा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकासाठी राखून ठेवणे, हा अस्मितेचा अपमान ठरत नाही. वस्तादाची परंपरा तर तेच सांगते.

चौथा प्रश्न सर्वांत मूलभूत, व सर्वांत कमी विचारला जाणारा. तालीम ही संस्था पुरुषांची होती. त्यामुळे तालमीच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघात स्त्री ही दीर्घकाळ केवळ खेळाडूची आई वा बहीण राहिली. या दशकाच्या आधीच कोल्हापूरच्या मुली महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळल्या, तेव्हा त्यांच्या संघाचे नाव ‘कोल्हापूर सिटी’ असे होते. त्या नावात ना तालीम होती, ना पेठ. ज्यांना पेठेच्या नावात जागा मिळाली नाही त्यांनी संपूर्ण शहराचे नाव धारण केले, असा या घटनेचा अर्थ लावता येतो. कोल्हापूरच्या फुटबॉलमधील हे कदाचित सर्वांत व्यापक नाव होय.

निष्कर्ष :

१. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची अस्मिता फुटबॉलने घडविलेली नसून तालीम व पेठ या पूर्वसिद्ध संस्थांनी घडविलेली आहे. फेरेन्त्सवारोशच्या उगमाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते.

२. नाव व रंग ही बाह्य चिन्हे नसून संघाच्या सातत्याची साधने आहेत. ती वरून बदलली तर खेळ चालू राहतो, आपलेपणा खंडित होतो.

३. सामुदायिक मालकी हे तालीम संघांच्या टिकाऊपणाचे कारण आहे. व्यावसायिक संघांच्या अल्पायुष्यावरून ते सिद्ध होते.

४. हीच अस्मिता ईर्ष्या, हिंसा आणि स्त्रियांची अनुपस्थिती यांनाही जबाबदार आहे. तिचा गौरव करताना ही जबाबदारी टाळता येणार नाही.

‘फुटबॉल पंढरी’ या विशेषणाचा विचार शेवटी करणे उचित ठरेल. पंढरीच्या वाळवंटात प्रत्येक दिंडी आपापल्या गावाची पताका घेऊन येते. तेथे पोचल्यावर मात्र एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो. पताका टाकून द्यावी लागत नाही, अहंकार टाकावा लागतो. शाहू स्टेडियमवर पेठांच्या पताका आहेत, भक्तीही आहे. सामना संपल्यावर एकमेकांच्या पाया पडण्याची रीत जेव्हा रुजेल, तेव्हा हे विशेषण वृत्तपत्रीय न राहता सार्थ होईल.