खुळखुळ्यानंतरचे मूल

गुलजार यांच्या 'कोशिश'मधला (१९७२) खुळखुळ्याचा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात असतो. हरी आणि आरती या दोघांनाही ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पहिले मूल दगावलेले. दुसऱ्या बाळाच्या कानाशी हरी खुळखुळा हलवतो, बाळ मान वळवत नाही. घाबरून डॉक्टरांकडे धाव घेतली जाते आणि कळते की खुळखुळ्यात खडेच नाहीत. बाळाला उत्तम ऐकू येते आहे. या चित्रपटासाठी संजीवकुमार यांना अभिनयाचे आणि गुलजार यांना पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तो निर्णय योग्यच होता असे मी मानते.

मी हा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला तो सोनगीरला, शेजारच्या घरात, आई आणि अण्णांच्या मध्ये बसून. दोघेही जन्मापासून बहिरे. आमच्या गावची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात प्रसिद्ध आहेत आणि तांबटांच्या आळीत दिवसभर ठोक्यांचा आवाज असे. ऐकत्या तांबटांचे कान वयाबरोबर जात. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांविषयी हेच लिहून ठेवले आहे. अण्णाही ठोकेच घालत. आपल्याकडे घालवायला कानच नव्हते, असे हातांनी सांगून ते हसत. खुळखुळ्याच्या प्रसंगाला आई रडली आणि तिने मला जवळ ओढले. तेवढ्या एका प्रसंगापुरते मला भाषांतर करावे लागले नाही.

पुढे हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आणि दर वेळी माझे लक्ष आईबापांवरून बाळाकडे सरकत गेले. त्या आनंदात त्या बाळाची नेमणूक होऊन जाते. आता घराला कान मिळाले, तोंड मिळाले. बहिऱ्या आईबापांच्या ऐकत्या मुलाला काय होत असेल, हा प्रश्न चित्रपटाला त्यानंतर पडतच नाही. शेवटी हरी आपल्या मालकाच्या मूकबधिर मुलीशी अमितचे लग्न ठरवू पाहतो. अमित नकार देतो, बाप संतापतो आणि मुलगा वाकतो. प्रेक्षक बापाच्या बाजूने असतो, कारण पटकथेने त्याला तसे बसवलेलेच आहे. मी मात्र अमितच्या बाजूने होते. नकारामागे तिरस्कारच असेल असे नाही, थकवाही असू शकतो. पण तो बोलून दाखवायला अमितला एक दृश्यही मिळत नाही.

संजय लीला भन्साळी यांचा 'खामोशी' (१९९६) या थकव्याच्या बराच जवळ जातो. गोव्यातले जोसेफ आणि फ्लेवी हे बहिरे जोडपे आणि त्यांची ऐकती मुलगी ॲनी. ती वडिलांबरोबर दारोदार साबण विकते, त्यांच्या खुणांना आवाज देते. भाऊ सॅम गेल्यावर ती गाणे सोडते. आईवडिलांना जे कधीच ऐकू येणार नाही, त्यावर जीव जडणे ही या मुलांची एक वेगळीच अपराधी भावना असते. ती मराठी-हिंदी पडद्यावर यापूर्वी मी पाहिलेली नव्हती. नाना पाटेकरांचा जोसेफ हट्टी आहे, मत्सरी आहे, म्हणजे माणूस आहे; 'कोशिश'च्या हरीला हे भाग्य कमी लाभले. पण भन्साळींचा धीर शेवटी सुटतो. बापलेकींमधले भांडण बोलून मिटण्याऐवजी अपघात येतो, बेशुद्धी येते, आणि सगळे अश्रूंत विरघळते.

अमेरिकेतल्या 'कोडा'ला २०२२ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तिथे बहिऱ्या भूमिका बहिऱ्या नटांनीच केल्या आहेत, ही आपल्या दोन्ही चित्रपटांपुढची पायरी. त्यातला दवाखान्याचा प्रसंग विनोदी आहे. डॉक्टर आईवडिलांना दोन आठवडे शरीरसंबंध टाळायला सांगतात आणि मध्ये बसलेली मुलगी रूबी ते मुद्दाम चुकीचे भाषांतरित करते: आता कधीच नाही! सगळे हसतात. मी हसू शकले नाही.

मी अकरा वर्षांची होते. आईला महिनोन्महिने झोप लागत नव्हती, ती जेवत नव्हती. धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेले. म्हणजे ती मला घेऊन गेली, हे दोन्ही खरे. डॉक्टर मला म्हणाले, "आईला विचार, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" आमच्या घरच्या खुणांमध्ये मरणाला खूण होती, प्रेत उचलल्याची. ती मला आईसमोर करता येईना. मी खुणेने विचारले, अंग दुखते का? आईने जोरात मान डोलावली. मी डॉक्टरांकडे वळून सांगितले, "नाही म्हणते." ती मान डोलावते आहे हे डॉक्टरांनी पाहिले होते, पण खुणांचे काही सांगता येत नाही असे त्यांना वाटले असावे. गोळ्या मिळाल्या. तो प्रश्न आईपर्यंत कधीच पोचला नाही.

पडद्यावरच्या या कथांत मला नेमके हेच सापडत नाही. अशा मुलांना आपण धीट, शहाणी, वयाआधी मोठी झालेली म्हणतो. ती काय गाळतात आणि गाळलेले कुठे साठते, हे कोणी विचारत नाही. अशा ऐकत्या मुलांची संघटना अमेरिकेत १९८३ साली मिली ब्रदर यांनी सुरू केली, आणि बहिऱ्यांसाठी मानसोपचाराचा स्वतंत्र प्रकल्प न्यूयॉर्कमध्ये रेनर आणि कालमन यांनी त्याआधीच, १९५५ साली. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र मध्ये पोटची पोर बसली असेल तर गोपनीयता कोणापासून राखायची? २०२२ साली सरकारने मानसिक आधारासाठी १४४१६ हा क्रमांक सुरू केला. चांगलेच झाले, पण फोन कानाला लावायचा असतो.

भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश २०१८मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१मध्ये १०,००० शब्दांचा झाला. आई त्या भाषेच्या शाळेत कधी गेलीच नाही. गल्लीतल्या बाया अहिराणीत मला विचारत, "तुनी माय काय म्हनस वं?" आणि मी घरच्या खुणांतून अहिराणीत, दवाखान्यात मराठीत जात असे. अशा घरच्या खुणा वापरणाऱ्यांसाठी परदेशात प्रशिक्षित बहिरा दुभाषा ऐकत्या दुभाषाच्या जोडीला बसवतात, कारण खुणेवरून अर्थ काढण्यात तो अधिक तरबेज असतो. या उपायाला यंत्र लागत नाही, दोन माणसे लागतात.

आई गेल्यावर अण्णांनी जेवण टाकले. गेल्या वर्षी मी त्यांना एका मोठ्या शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले आणि आधीच फोन करून दुभाषा मागितला. तिथून उत्तर आले, "तुम्ही आहात ना!" मी पन्नाशी ओलांडलेली आहे, तरी पोटात तोच गोळा आला. त्यांनी तोच प्रश्न विचारला. या खेपेला मी प्रेत उचलल्याची खूण केली. अण्णा बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले, मग त्यांनी उत्तर दिले. ते मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. इथे लिहिणार नाही.